विमानतळ जवळ आला, पण आपली गाडी वेळेत पोहोचेल का?

🌱 *रविवारचा विशेष संदेश* 🌱



आजचा संदेश फवारणीचा नाही आणि हवामानाचाही नाही. आज विषय गाडीचा आहे. संदेश जरा लांब झालाय, पण चहा घेत घेत सावकाश वाचा. येत्या मासिक बैठकीत निर्यातीच्या भेंडी-मिरचीसाठी वाहतुकीचा करार ठरवायचा आहे. त्याआधी प्रत्येक गटाचं मत आलं पाहिजे.

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून संकलन केंद्रावर रोज एकच प्रश्न येतो, "आता पनवेललाच विमानतळ झालाय, मग आपला माल सहारला कशाला पाठवायचा? भाडं कधी कमी होणार?"

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर "उद्यापासून" एवढं सोपं नाही. विमानतळ वाढला की विमानांबरोबर ट्रकांचंही गणित बदलतं. काही ठिकाणी आपल्या फायद्याचं, काही ठिकाणी तोट्याचं. ते समजून घेऊ.

🚚 *आधी आपलीच एक गोष्ट*

मागच्या मोसमात एका शुक्रवारी आपली भेंडीची गाडी पॅकहाऊसमधून दोन तास उशिरा निघाली. चूक आपलीच होती. दोन गटांचा माल उशिरा आला, प्रतवारी लांबली. गाडी नारायणगाव, चाकण, तळेगाव करत एक्स्प्रेस वेला लागली तेव्हा शनिवार-रविवारच्या सुट्टीची गर्दी घाटात भरली होती. पुढे कळंबोली, वाशी, मानखुर्द. मुंबईत शिरेपर्यंत संध्याकाळची गर्दी. त्या वेळेत शहरात अवजड गाड्यांना बंदी असते, म्हणून गाडी बाजूला लावून थांबावं लागलं.

ड्रायव्हर दादांचा फोन आला, "भाऊ, विमानतळ समोर दिसतोय, पण वेळ गेली."

विमान उडायला अजून बराच अवकाश होता. पण माल घेण्याची वेळ, म्हणजे *कटऑफ*, संपली होती. माल परत फिरवून वाशीच्या बाजारात टाकला. निर्यातीसाठी निवडलेली, मापात बसवलेली, खोक्यात भरलेली भेंडी बाजारभावाने गेली. खोक्याचे पैसेसुद्धा निघाले नाहीत.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं गणित तिच्यावरच उभं आहे.

✈️ *नवी मुंबईत नेमकं काय झालंय?*

👉 उलवे-पनवेल पट्ट्यात सुमारे 1,160 हेक्टरवर हा विमानतळ उभा राहतोय. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमानं सुरू झाली.

👉 पहिल्या टप्प्यात एक धावपट्टी आणि एक टर्मिनल. क्षमता वर्षाला 2 कोटी प्रवासी आणि 5 लाख टन माल.

👉 सगळे टप्पे पूर्ण झाल्यावर दोन समांतर धावपट्ट्या, वर्षाला 9 कोटी प्रवासी आणि साडेबत्तीस लाख टन माल, असा आराखडा आहे.

👉 मुंबईचा जुना विमानतळ बंद झालेला नाही. दोन्ही चालू आहेत.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. बंगळूरला 24 मे 2008 ला देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला तेव्हा जुन्या एचएएल विमानतळावरची प्रवासी विमानं तिकडे हलली. हैदराबादला त्याच वर्षी 23 मार्चला बेगमपेटहून सगळं शमशाबादला गेलं. तिथे शेतकऱ्याला, गाडीवाल्याला, एजंटला निवड करायची वेळच आली नाही. विमानं गेली तिकडे माल गेला. आपल्याकडे मात्र दोन दारं उघडी आहेत. *कुठल्या दाराने जायचं ते आपण ठरवत नाही, विमान ठरवतं.*

📦 *आपला माल कोणत्या विमानाने जातो?*

बऱ्याच सभासदांना वाटतं की भाजीसाठी वेगळं मालवाहू विमान असतं. तशी विमानं असतात, पण आपली भेंडी, हिरवी मिरची, कढीपत्ता, कारली बहुतेक वेळा *प्रवासी विमानाच्या पोटात* जातात. वर माणसं बसतात, खाली त्यांच्या बॅगा, आणि बॅगांतून उरलेल्या जागेत आपली खोकी. दुबईला किंवा लंडनला जाणारं मोठं प्रवासी विमान जिथून उडेल, तिथेच आपल्या मालाला जागा.

नवी मुंबईची सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली. दिल्ली-गोव्याला जाणारं विमान पनवेलहून उडालं म्हणून आपली मिरची आखातात पोहोचत नाही. म्हणून "विमानतळ सुरू झाला का?" असं विचारू नका. "आपल्या ग्राहकाच्या शहराला जाणारं, खाली जागा असलेलं विमान आठवड्यातून किती वेळा तिथून उडतं?" असं विचारा. याचं उत्तर रोज एक विमान असेल तर आपलं काम झालं. आठवड्यात दोनच असतील, तर उरलेले पाच दिवस सहार आहेच.

आणखी एक गोष्ट. प्रवाशांच्या बॅगा जास्त झाल्या किंवा विमानाचं वजन वाढलं, की पहिली उतरतात ती मालाची खोकी. याला *ऑफलोड* म्हणतात. दिवसाला एकच विमान असलेल्या ठिकाणी ऑफलोड झालेला माल दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो. चार विमानं असतील तर संध्याकाळच्या विमानाने जातो. विमानतळ जवळ असण्याइतकंच हेही महत्त्वाचं आहे.

🧮 *आता भाड्याचा हिशोब*

पनवेलपासून सहारपर्यंत साधारण 40 किलोमीटर. जाऊन-येऊन 80 धरू. समजा गाडीत 3 टन माल आहे, गाडी लिटरला 6 किलोमीटर देते आणि डिझेल 90 रुपये आहे.

▪️ 80 किलोमीटरला डिझेल: सुमारे साडेतेरा लिटर
▪️ खर्च: सुमारे 1,200 रुपये
▪️ 3,000 किलोवर वाटला तर: *किलोला 40 पैसे*

बस्स, 40 पैसे. वर टोलचे थोडे. (मुंबईच्या वेशीवरचा टोल ऑक्टोबर 2024 पासून हलक्या मोटारींना माफ झालाय, ट्रकला नाही.) विमानाचं भाडं किलोला जेवढं जातं त्यापुढे हे 40 पैसे कुठेच दिसत नाहीत. त्यामुळे "जवळ आलं म्हणजे भाडं निम्मं" ही आशा सोडा.

आता दुसरी बाजू बघा. समजा निर्यातीचा दर आणि बाजाराचा दर यात किलोला 20 रुपयांचा फरक आहे. एक गाडी चुकली, 3,000 किलो माल बाजारात टाकावा लागला, तर तोटा 60,000 रुपये. म्हणजे *एका चुकलेल्या विमानात पन्नास फेऱ्यांचं वाचवलेलं डिझेल जातं.*

विमानतळ जवळ आल्याचा खरा फायदा हा आहे. डिझेल थोडंच वाचेल, पण मानखुर्द ते सहार या बेभरवशाच्या पट्ट्यातून सुटका होईल. नारायणगाव ते पनवेल किती वेळ लागेल याचा आपल्याला अंदाज आहे. वाशी ते सहार कधी एक तास, कधी तीन. करारात पैसे मोजायचे असतील तर या अंदाजासाठी मोजा.

दुसरा फायदाही सांगतो. माल चुकलाच, तर वाशी बाजार नवी मुंबई विमानतळाला जवळ आहे. पहाटेच्या बाजाराला माल सहज उभा राहतो. सहारहून परत फिरायचं म्हणजे तीच गर्दी पुन्हा. आंबावाल्या सभासदांसाठी तर हे आणखी सोयीचं. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर लागणारी विकिरण प्रक्रिया करणारं पणन मंडळाचं केंद्र वाशीतच आहे.

(अटल सेतूबद्दल काही जण विचारतात. 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन झालेला हा पूल शिवडीला उतरतो. सहारला जाणाऱ्या आपल्या गाडीला त्याचा फारसा उपयोग नाही.)

🛣️ *पण रस्ता कोणाकोणाचा?*

आता तोट्याची बाजू. नवा विमानतळ मोकळ्या माळावर नाही. शेजारी न्हावा-शेवा बंदर आहे. देशातल्या मोठ्या कंटेनर बंदरांपैकी हे एक. पनवेल-जेएनपीटी महामार्गावर आणि उरणकडे जाणाऱ्या आम्र मार्गावर कंटेनरच्या रांगा आपण पाहिल्याच आहेत. कळंबोलीला पुण्याचा, मुंब्र्याचा, सायनचा रस्ता एकत्र येतो आणि लोखंड बाजाराच्या गाड्या तिथेच वळतात.

यात आता काय काय वाढणार? प्रवाशांच्या टॅक्सी, विमानाचं इंधन आणि खाणं नेणाऱ्या गाड्या, बांधकामाचे डंपर (पुढचे टप्पे अजून व्हायचे आहेत), आणि ऑनलाइन खरेदीच्या पार्सलचे टेम्पो. यातला एकही थांबणारा नाही. आपली भेंडी याच रांगेत उभी राहणार. सहारची गर्दी टळली म्हणून गर्दीच टळली असं नाही.

अजून एक प्रकार आहे तो बहुतेकांना माहीत नाही. विमानाच्या पावतीवर माल घेतात, पण पहिला टप्पा *ट्रकनेच* जातो. एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर सीलबंद गाडी जाते आणि तिथून माल विमानात चढतो. जगभर ही पद्धत चालते. एका शहरात दोन विमानतळ झाले की अशा गाड्या वाढणं साहजिक आहे. म्हणजे एजंट म्हणेल, "माल नवी मुंबईत द्या", आणि पुढे तोच माल ट्रकने सहारला जाईल. कागदावर आपण जवळ दिला, पण मानखुर्दची गर्दी आपल्या भेंडीने खाल्लीच, आणि एक चढ-उतार वाढली ती वेगळी. भेंडीला 7 ते 10 अंश तापमान लागतं. उन्हात एकदा जास्तीची उतरवली की शिरा काळ्या पडायला वेळ लागत नाही.

म्हणून बुकिंग झालं की पावतीवरचं *विमानतळाचं अक्षरचिन्ह* बघा. मुंबईचं "बीओएम", नवी मुंबईचं "एनएमआय". तीन अक्षरं वाचायला कुणाच्या शिक्षणाची गरज नाही. माल जिथे दिला तिथूनच उडणार का, हे लगेच कळतं.

👩‍🌾 *बदल शेतावर येतो तो असा*

कटऑफ बदलला की सगळी साखळी मागे सरकते. विमान रात्रीचं असेल तर माल दुपारी पॅकहाऊसमधून निघायला हवा. त्यासाठी प्रतवारी सकाळी अकरापर्यंत, त्यासाठी तोडणी नऊच्या आत. सकाळचं विमान आलं तर तोडणी आदल्या दिवशी, आणि रात्रभर शीतगृहाचं वीजबिल आपल्या माथी.

मागच्या बैठकीत तोडणी करणाऱ्या एका मावशी म्हणाल्या ते सगळ्यांनी ऐकावं, "तुमचं इमान बदलंल, पण माझ्या पोरांची शाळा तीच हाय. पहाटं पाचला बोलावलं तर मजुरी तेवढीच का?" त्यांचं खरं आहे. गाडीची वेळ पुढं-मागं केली तर तोडणीच्या मजुरीचाही विचार करावा लागेल. हिशोबात फक्त डिझेल धरून चालणार नाही.

ड्रायव्हरचंही तसंच. बंदर आणि विमानतळाच्या आजूबाजूला गोदामं वाढली की चांगले चालक तिकडे जातात. तिथे रोज घरी जाता येतं आणि घाट चढायचा नसतो. मोसम सुरू झाल्यावर गाडी शोधत बसलो तर वाढीव भाड्याने मिळेल, किंवा मिळणारच नाही.

🌾 *आणि जमीन?*

विमानतळ म्हणजे कुणाची तरी शेती, हे विसरून चालणार नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावठाणं उठली. तिथल्या प्रकल्पग्रस्तांना साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचं पॅकेज मिळालं. त्याआधीची साडेबारा टक्क्यांची योजनाही 1984 च्या जासईच्या आंदोलनात माणसं गेल्यावरच पदरात पडली. आज पुरंदरमध्ये वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव ही सात गावं विमानतळाच्या भूसंपादनापुढे उभी आहेत. भौगोलिक मानांकन मिळालेलं पुरंदरचं अंजीर आणि तिथलं सीताफळ त्याच मातीतलं. पुण्याजवळ मोठा विमानतळ झाला तर आपल्या तालुक्याला सोयीचंच होईल, पण ती सोय कुणाच्या तरी बागेवर उभी असेल. सोय मागताना त्यांच्या न्याय्य मोबदल्याची बाजूही आपण घेतली पाहिजे. उद्या आपल्याच रस्त्यावर गोदामासाठी मोजणीवाले आले तर आपल्यालाही कुणीतरी सोबत लागेल.

📝 *बैठकीपुढे ठेवायचा प्रस्ताव*

संचालक मंडळात चर्चा करून खालील मुद्दे काढले आहेत. यावर तुमचं मत हवं.

1️⃣ *करार तीनच महिन्यांचा.* एक वाहतूकदार वर्षभराच्या करारावर सूट देतोय. पण विमानांचं वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं. वर्षभर एकाच विमानतळाला बांधून घेणं धोक्याचं आहे.

2️⃣ *दोन दर लेखी.* सहारचा आणि नवी मुंबईचा दर वेगवेगळा, एकाच करारात. कोणत्या दिवशी कुठे जायचं ते आदल्या संध्याकाळी आपण कळवणार.

3️⃣ *थांबण्याचा दर आधीच ठरवा.* गेटवर किती तास फुकट, पुढच्या तासाला किती, हे लिहिलं नाही तर नंतर वाद होतात. दोन्ही बाजूंचा अनुभव तोच आहे.

4️⃣ *आधी दोन चाचणी फेऱ्या.* आपल्या शहराला थेट विमान मिळाल्यावर आधी अर्धी गाडी पाठवू. खोक्यात तापमान नोंदवणारं यंत्र ठेवू. नोंद चांगली आली तरच पूर्ण गाडी.

5️⃣ *वाशीत आडत आधी ठरवून ठेवा.* विमान चुकलं तर माल कुणाकडे उतरवायचा हे रात्री अकराला फोनवर ठरवायचं नाही.

6️⃣ *फायटो आणि कस्टमचे कागद.* एजंट दोन्ही ठिकाणी काम करतो का, हे लेखी घ्या. कागद एका विमानतळाचे आणि गाडी दुसऱ्या, असं झालं तर तीन टन माल गेटवरच नासतो.

7️⃣ *माळशेजचा पर्याय पावसाळ्यात नको.* ओतूर-माळशेज-मुरबाड-कल्याण रस्ता काहींना जवळ वाटतो, पण पावसात तिथे दरड पडली की गाडी अडकते. जून ते सप्टेंबर चाकण-तळेगावचाच रस्ता.

8️⃣ *शुक्रवारी आणि सणाच्या आदल्या दिवशी गाडी दोन तास आधी.* एवढं पाळलं असतं तर मागच्या मोसमातली गाडी चुकली नसती.

🙏 *गटप्रमुखांनी काय करायचं?*

आपल्या गटाची बुधवारपर्यंत बैठक घ्या. तीनच प्रश्न विचारा:
▪️ तोडणी एक तास आधी सुरू करता येईल का? कुणाला अडचण आहे?
▪️ तोडणीच्या मजुरीत वाढ करायची झाली तर किलोमागे किती सोसेल?
▪️ करार तीन महिन्यांचा की वर्षाचा?

उत्तरं लिहून संकलन केंद्रावर द्या किंवा गटाच्या वहीत नोंदवा. "सगळ्यांचं मान्य आहे" असं एका ओळीत लिहू नका. कोण काय म्हणालं ते लिहा. विशेषतः तोडणीवाल्या महिलांचं मत वेगळं लिहा.

एक शेवटचं. विमानतळ जवळ आला याचा आनंद आहेच. आपल्या बापजाद्यांनी बैलगाडीने बाजार गाठला, आपण टेम्पोने वाशी गाठली, आता पोरं विमानाने आखात गाठतील. पण भेंडी तुटल्यापासून विमानात चढेपर्यंतचा सगळा प्रवास आजही रस्त्यावरच होतो. तो रस्ता आपल्याला नीट बांधता आला, तर नवी मुंबई आपली. नाही तर समोर दिसणाऱ्या विमानतळाकडे बघत पुन्हा एकदा गाडी फिरवावी लागेल.

भेटू बैठकीत. येताना गटाची वही आणायला विसरू नका.

*– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, वाहतूक व निर्यात विभाग*

📌 _हा संदेश आपल्या गटातल्या, स्मार्टफोन नसलेल्या सभासदांना वाचून दाखवावा._